वेळ अमावस्या, कडब्याची कोप आणि हवेचा उजेड

गुरुवार : सोलापूर

मार्गशीर्षातली अमावस्या आमच्या आजोळी वेळ अमावस्या म्हणून साजरी होते. सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडचा कर्नाटक, या सगळ्या पट्ट्यात त्या दिवशी घरांना कुलपं लागतात आणि गाव शेतावर जातं. हा सण मला लहानपणापासून ठाऊक. आकाश बघायचा नाद लागल्यावर मात्र त्याची दुसरी बाजू लक्षात आली. चंद्र नाही, पाऊस केव्हाच मागं पडलेला, हवा कोरडी, आणि मुक्कामाला थेट शेत. एअरग्लो बघायचा तर महाराष्ट्रात याहून चांगला मुहूर्त शोधून मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून यंदा भाचीला बरोबर घेतलं. ती भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्याकडचा कॅमेरा चांगला आहे. पुण्याहून गाडी धरली आणि दुपारी सोलापुरात उतरलो.

एअरग्लो म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्या डोक्यावरची हवा रात्री स्वतःच मंद उजळत असते. दिवसभर सूर्याचे अतिनील किरण फार उंचावरच्या ऑक्सिजनच्या रेणूंना फोडत राहतात. सुटे झालेले अणू रात्री पुन्हा एकमेकांना जोडले जातात आणि त्यात मोकळी झालेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. ध्रुवीय प्रकाशाला सूर्याच्या वादळांचे विद्युतभारित कण लागतात आणि तो मुख्यतः ध्रुवांच्या आसपास दिसतो. एअरग्लोला वादळ लागत नाही, ध्रुवही लागत नाहीत. तो रोज रात्री असतो, पृथ्वीवर सगळीकडे असतो. अंतराळ स्थानकावरून घेतलेल्या फोटोंत पृथ्वीच्या कडेवर जी हिरवट-सोनेरी बारीक रेघ दिसते, ती हीच. आपण सगळे त्या रेघेखाली झोपतो, आणि बहुतेकांनी ती आयुष्यात कधी पाहिलेली नसते. मला याची खरोखर हळहळ वाटते.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरलो. मंदिरात पुढच्या महिन्यातल्या गड्ड्याच्या यात्रेच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. अंधार पडल्यावर भाचीनं तिथूनच आकाशाचा एक फोटो काढून पाहिला. पंधरा सेकंदांत सगळं आभाळ फिकट नारिंगी. गुरू आणि मोजके ठळक तारे सोडले तर काही नाही. अपेक्षित होतं, पण तुलनेसाठी हा फोटो जवळ असावा असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. पुढे मामीला तो दाखवताना फार उपयोगी पडला.

नवी पेठेतल्या एका दुकानात चादरी घ्यायला गेलो. दुकानदार आजोबांच्या घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मधूनच कानडीत फोन. सोलापुरात हे नवल नाही. रात्रभर शेतात उघड्यावर पडायचं आहे म्हटल्यावर त्यांनी आमच्या हातातली एक चादर काढून बाजूला ठेवली. "अंगावर एक घेतलालाव, खाली काय घालणार? थंडी जमिनीतनं येती, आक्का. खाली जाड सतरंजी घाला, वर चादर." हा सल्ला सोन्यासारखा निघाला. आकाश बघायला जाणारे लोक कॅमेऱ्यावर हजारो रुपये घालतात आणि पाठीखाली पेपर अंथरतात. तसं करू नका.

रात्री कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही आणि तव्यावर परतलेली हिरवी मिरची. चटणीची दोन पाकिटं पिशवीत टाकली आणि लवकर झोपलो, कारण पुढची रात्र झोपेची नव्हती.

शुक्रवार : मंद्रूपच्या पुढं, मामांचं शेत

विजापूर रस्त्यानं मंद्रूप मागं टाकलं की दोन्ही बाजूंना ज्वारी लागते. भीमेकडं जावं तसा ऊस वाढत जातो, आणि या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलं की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. सकाळी नऊला शेतावर पोचलो तेव्हा मामांची कोप उभी होती. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेली ही झोपडी, वरून शाल गुंडाळलेली. आत चुन्यानं रंगवलेले दगड मांडले होते. ते पाच पांडव. शेजारी मातीच्या बिंदग्यात आंबील.

आंबील ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची, लसूण-मिरची घातलेली, रात्रभर मुरून आंबूस झालेली. मामीनं पहिला पेला हातात दिला आणि म्हणाली, "हळू पी, हिनं झोप येती." खरंच येते. त्याबरोबर बाजरीचे उंडे आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, वाटाणा, पालेभाज्या, जे जे शेतात कोवळं आहे ते सगळं बेसन लावून एकत्र शिजवलेलं. शिवाय गव्हाची खीर आणि शेंगापोळी. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं, ही त्या दिवसाची रीत. आमच्या पंगतीला ऊसतोडीच्या टोळीतलं एक जोडपं आलं, एक बँकेतले साहेब आले, आणि वाट चुकलेले दोन मोटरसायकलवाले. भाचीनं आयुष्यात पहिल्यांदा एवढं जेवण एका बैठकीत केलं.

दुपारी मामांना येण्याचं कारण सांगितलं. ते सत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर रात्री पाणी द्यायला शेतात गेलेले, कारण शेतीपंपांची वीज पाळीनं येते आणि अनेकदा पाळी रात्रीची असते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अंधार म्हणतेत त्याला, पण अमावस्येला बी बांध दिसतोय की. बॅटरी नसली तरी पाय बरोबर पडतोय. चांदण्यांचा उजेड आसतोय त्यो." मी म्हटलं, मामा, तो नुसता चांदण्यांचा नाही. गावापासून लांब, चंद्र नसलेल्या रात्री जो उजेड जमिनीवर येतो, त्यात सगळ्या ताऱ्यांच्या मिळून जेवढा वाटा असतो तेवढा, पुष्कळदा त्याहून जास्त, या हवेच्या उजेडाचा असतो. त्यांनी वर बघितलं. दुपारचं लख्ख निळं आभाळ होतं. "हवा उजेड देती?" एवढंच विचारलं आणि मग बराच वेळ सुपारी कातरत बसले.

संध्याकाळी हेंडगा पेटला. वाळल्या कडब्याची मशाल घेऊन पोरं गव्हाच्या रानाभोवती पळत गेली आणि शेजारपाजारच्या शिवारातूनही तशाच ज्वाळा हलताना दिसल्या. पाहुणे परतले. साडेसातपर्यंत संधिप्रकाश पूर्ण संपला. व्याध अजून उगवायचा होता, मृग पूर्वेला वर येत होता. वीज आल्यावर लागू नये म्हणून मामांनी विहिरीवरचा दिवा स्टार्टरपाशी जाऊन बंद करून ठेवला.

मग वीस-पंचवीस मिनिटं काहीच करायचं नाही. मोबाईल उलटा ठेवायचा, बॅटरीवर लाल कागद लावायचा आणि डोळ्यांना अंधार पिऊ द्यायचा. ही अर्धी तपश्चर्या चुकवली तर पुढचं काही दिसत नाही.

नुसत्या डोळ्यांना एअरग्लो हिरवा दिसत नाही, हे मी भाचीला आधीच सांगितलं होतं. एवढ्या मंद उजेडात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. दिसतो तो राखेचा रंग. आकाशात ताऱ्यांच्या मधली जागा काळी नसते हे आधी लक्षात येतं. हात वर केला की हात आकाशापेक्षा काळा दिसतो, बोटं वेगवेगळी मोजता येतात. हा साधा प्रयोग मी सगळ्यांना करायला लावते. त्या रात्री मामीनं करून पाहिला आणि दोन्ही हात वर करून बराच वेळ बोटं हलवत राहिली. मग क्षितिजाच्या थोडं वर, वीतभर उंचीवर बघायचं. तिथं आकाश डोक्यावरच्यापेक्षा स्पष्ट उजळ असतं, आणि त्यात पुसट पट्टे असतात. ढग म्हणावेत तर त्यांतून तारे स्वच्छ दिसतात. ढगांनी तारे झाकले जातात, एअरग्लोनं नाहीत. ओळखायची ही सर्वांत सोपी खूण.

क्षितिजाकडं उजेड का वाढतो? हिरवा प्रकाश जिथून येतो तो थर जमिनीपासून साधारण ९५ ते १०० किलोमीटर उंचीवर आहे आणि पातळ आहे. पातळ धोतर समोर सरळ धरलं तर आरपार दिसतं, तेच तिरकं करून बघितलं की कापड दाट वाटतं. डोक्यावर बघताना आपण थर सरळ छेदतो, क्षितिजाकडं बघताना तिरका, म्हणून नजरेच्या वाटेत उजळती हवा जास्त येते. अगदी क्षितिजावर मात्र खालची धूळ आणि धूसरपणा तो उजेड खातात, त्यामुळे सर्वांत चांगला पट्टा दहा-पंधरा अंशांवर सापडतो.

भाचीनं इथं वहीत एक आकृती काढली आणि त्या आकृतीनं मला त्या रात्रीचा सगळ्यात मोठा आनंद दिला. पश्चिमेला पंधरा अंशांवर दिसणारा उजळ भाग आपल्यापासून आडवा किती लांब असेल? पृथ्वीची गोलाई धरून तिचं उत्तर आलं सुमारे ३२० किलोमीटर. म्हणजे मंद्रूपच्या शिवारात बसून आम्ही जो पट्टा बघत होतो, तो सह्याद्री ओलांडून, रत्नागिरीच्याही पलीकडं, अरबी समुद्रावरच्या हवेत होता. पूर्वेला तेवढ्याच उंचीवर बघितलं की नजर हैदराबादच्या पुढं पोचत होती. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी कोकणातली हवा इथनं दिसलाली?" हो, दिसलाली. समुद्रापासून इतक्या लांब, कोरडवाहू रानात बसून.

कॅमेरा तिपाईवर होता. २४ मिलिमीटरची लेन्स, छिद्र जितकं मोठं उघडेल तितकं, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ६४००, पंधरा सेकंद. पहिला फोटो पडद्यावर आला आणि मामी चुलीपासून उठून आली. खाली पश्चिमेला पाचूसारखी हिरवी झाक, तिच्यात तिरके पट्टे, आणि दक्षिणेकडं वर लालसर डाग. आदल्या रात्रीचा तलावाकाठचा नारिंगी फोटो शेजारी उघडून दाखवला. "ह्ये दोन्ही सोलापूरचंच व्हय?" असं तिनं दोनदा विचारलं.

पट्टे कसले, हे सांगायला हवं. दूरच्या गडगडाटी ढगांतून, डोंगरांवरून वाहणाऱ्या वाऱ्यांतून हवेत लाटा उठतात आणि त्या वरवर जाताना मोठ्या होतात. शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत त्या त्या थराला दाबतात, ताणतात. दाबलेल्या जागी प्रकाश वाढतो, ताणलेल्या जागी घटतो. भाचीनं तासभर लागोपाठ फोटो घेऊन ते जोडले तेव्हा पट्टे हळूहळू सरकत गेलेले दिसले. डोळ्यांना ती हालचाल कळत नाही, पण ती चालू असते हे माहीत झाल्यावर बघण्याची रीत बदलते.

बाराच्या सुमारास वीज आली. त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती, आणि हल्ली बहुतेक पंपांना ऑटोस्टार्टर असतो. शिवारभर मोटारी घुमू लागल्या आणि त्यांच्याबरोबर खांबांवरचे पांढरे एलईडी दिवे एकामागून एक लागले. प्रत्येक विहिरीवर एक, आणि प्रत्येकाचं तोंड समोर, आडवं. आमचे डोळे दिपले. शेतकऱ्याला रात्री साप-विंचवासाठी उजेड हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण स्टार्टरची पेटी आणि पायाखालची जमीन दिसायला जो दिवा लावलाय, त्याचा अर्ध्याहून जास्त उजेड समोरच्या माणसाच्या डोळ्यांत आणि आभाळात जातो. यानं ना पीक पोसतं, ना माणसाला दिसतं. आम्ही कोपीच्या मागं सरकलो. मामांनी शेजारच्या बांधावर फोन लावला. तो गडी दिवा बंद करून, चादर पांघरून, थेट बघायलाच आला. त्याला हाताचा प्रयोग दाखवला. तो तीनपर्यंत बसला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबायची परवानगी मागून एक फोटो त्यानं स्वतः काढला.

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: कुणाच्याही रानात न विचारता पाय टाकू नका. ज्वारी आणि तूर उभी असते, बांधावर कुत्री असतात, आणि विहिरी अनेकदा कठड्याशिवाय असतात. गावात ओळख नसेल तर दिवसा जाऊन एखाद्या शेतकऱ्याशी बोलावं. वेळ अमावस्येला गेलात तर ओळख आपोआप होते. आणि शक्य असेल तर त्या आठवड्यातली विजेची पाळी विचारून घ्या. दिवसाची पाळी असेल तर रात्री शिवार अंधारं असतं.

शनिवार : हत्तरसंग कुडल

दहाला उठलो. उरलेली भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, हे आजीचं म्हणणं पुन्हा पटलं.

दुपारी हत्तरसंग कुडलला गेलो. भीमा आणि सीना इथं भेटतात, पलीकडच्या काठापासून कर्नाटक जवळ. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. "वाछि तो विजेया होइवा", वाचील तो विजयी होईल. भाचीनं अक्षरांवरून, दगडाला न टेकवता, बोट फिरवलं. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातलं शेकडो लहान मुखं कोरलेलं शिवलिंगही बघायलाच हवं, घाईत जाऊ नका.

काठावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या भोई काकांशी गप्पा झाल्या. रात्री मासेमारीला निघताना ते कशावरून दिशा धरतात, असं विचारलं. "वरच्या काठाला कारखान्याचा उजेड हाय, त्यो धरायचा," ते म्हणाले. "पयला नव्हता तवा चांदण्या धरायचो." सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि डिसेंबरात सगळे पेटलेले. एअरग्लो शोधणाऱ्यानं हे उजेड आधी ओळखून घ्यावेत. कारखान्याचा किंवा शहराचा उजेड क्षितिजाला चिकटलेला, घुमटासारखा, एकाच दिशेला आणि पिवळट किंवा पांढरा असतो. तो जागा सोडत नाही. एअरग्लो सगळ्या दिशांना असतो आणि रात्रीत बदलतो.

रात्रीसाठी देवळापासून लांब, नदीच्या वरच्या अंगाला, मामांच्या ओळखीच्या एका रानात बसलो. आदल्या रात्रीपेक्षा लाल रंग जास्त होता. संध्याकाळी साडेसात-आठला दक्षिणेत चांगला पसरलेला, बारानंतर फिका. हा लाल प्रकाशही ऑक्सिजनचाच, पण त्याचा थर २५० किलोमीटरच्या आसपास. यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. हिरवा प्रकाश देणारा अणू सेकंदाच्या आत आपला प्रकाश सोडून मोकळा होतो. लाल देणाऱ्याला जवळजवळ दोन मिनिटं थांबावं लागतं. खालच्या दाट हवेत तेवढा वेळ त्याला कुणी धक्का न देता राहूच देत नाही. ऊर्जा टकरीत जाते, प्रकाश होतच नाही. फार वर, जिथं हवा इतकी विरळ की टक्कर क्वचितच होते, तिथंच तो लाल उजेड निघू शकतो. भाचीला हे पुस्तकातून माहीत होतं. पण पडद्यावर हिरव्याच्या वर लाल बघून ती म्हणाली, "आत्या, हे परीक्षेत दोन मार्काला येतं." आणि मग बराच वेळ ती गप्प होती.

फोटोंत तिसरा, नारिंगी रंगही थोडा असतो. तो ९० किलोमीटरच्या आसपासच्या सोडियमचा. आणि हे सोडियम येतं कुठून? रोज पृथ्वीवर येऊन जळणाऱ्या उल्कांमधून.

या उजेडाचा शोध तसा जुना. स्वीडनच्या अँग्स्ट्रॉम या शास्त्रज्ञानं १८६८ मध्ये, प्रकाशाचे रंग वेगळे करून बघताना, ध्रुवीय प्रकाशात दिसणारी हिरवी रेघ साध्या रात्रीच्या आकाशातही, सगळ्या दिशांना पाहिली. ती कशाची हे पुढं पन्नासहून जास्त वर्षं कळलं नाही. १९२५ मध्ये कॅनडात मॅक्लेनन आणि श्रम यांनी प्रयोगशाळेत ती ऑक्सिजनची असल्याचं दाखवलं. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे हा अभ्यास अगदी घराजवळ चालतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे कॅमेरे कोल्हापुरात वर्षानुवर्षं रात्रीचं सगळं आकाश टिपतात. लाल उजेडात त्यांना कधी कधी उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे दिसतात. त्या जागी आयनांबरात, म्हणजे फार उंचावरच्या विद्युतभारित कणांच्या थरात, ते कण विरळ झालेले बुडबुडे उठलेले असतात आणि ते जीपीएसच्या संदेशांत गोंधळ घालतात. मोबाईलवरचा नकाशा ज्या हवेतून येतो, ती हवा कोल्हापूरचे शास्त्रज्ञ तिच्याच उजेडात बघतात. सोलापूरच्या लोकांना आकाशातला प्रयोग नवा नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ मध्ये ढगांत बीज पेरण्याचे प्रयोग याच जिल्ह्यावर केले होते, विमानं सगळ्यांनी पाहिलेली. पण ते ढग काही किलोमीटरवरचे. त्यांच्या कितीतरी वर दुसरं एक हवामान आहे, याची चर्चा इथल्या शाळांत व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तीननंतर नदीवरून धुकं यायला लागलं आणि लेन्सवर दव धरलं. मामांनी लोकरीचा पायमोजा लेन्सभोवती गुंडाळायला दिला आणि काम भागलं. नदीकाठी जाणार असाल तर असं काहीतरी बरोबर असू द्या. थंडी चांगलीच होती. सतरंजीबद्दल नवी पेठेतल्या आजोबांना पुन्हा मनातून नमस्कार केला.

पाचच्या आधी रस्त्यावरून पावलांचा आवाज आला. गावातला एक पोरगा पोलीस भरतीसाठी पळत होता. आमची लाल बत्ती बघून थांबला. त्यानं पूर्वेला बोट दाखवून विचारलं, "ताई, ह्ये बघलालाव का? मी रोज बघतोय. दिवस उगवायच्या लई आधी आसतंय." पूर्वेला एक उंच, तिरका, पांढरट सुळका उभा होता. पण तो एअरग्लो नव्हता, आणि पहाटही नव्हती. तो राशिचक्रीय प्रकाश. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवर पडलेलं ऊन. अंधाऱ्या जागी बरेच लोक या दोन्हींची गल्लत करतात. हा सुळका राशिचक्राच्या रेषेवर असतो आणि सूर्य जिथून येणार तिकडं त्याचा पाया असतो. रोज पाचला पळणाऱ्या त्या पोरानं हा फरक कुणी न सांगता जवळजवळ पकडला होता. त्याला तो पहाटेपेक्षा वेगळा आहे हे ठाऊक होतं, कारण खरी पहाट नंतर येते हे तो रोज बघत होता. भाचीनं त्याला कॅमेऱ्यातला हिरवा पट्टा दाखवला. त्यानं मोबाईलमध्ये त्या पडद्याचा फोटो घेतला, घड्याळ बघितलं आणि पुन्हा पळत सुटला.

रविवार : परत

निघायच्या आधी मामांनी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला. कातरीनं, हातोडीनं, अर्धा तास खपून त्याचं टोपण केलं आणि विहिरीवरच्या दिव्यावर तारेनं बांधलं. उजेड आता स्टार्टरवर आणि खालच्या जमिनीवर पडतो. समोरून बघितलं तर बल्ब दिसत नाही. "आधीपेक्षा खाली जास्त दिसलालंय," असं मामांनी नंतर फोनवर सांगितलं. पत्रा आतून चकचकीत असतो, त्यामुळे वाया जाणारा उजेडही खाली येतो, हे उघड आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पानं आजूबाजूच्या गावांतले दिवे असेच खाली वळवले आणि २०२४ मध्ये त्याला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधारं आकाश जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. इथं मान्यतेची गरज नाही. एक डबा पुरतो.

परतीच्या गाडीत भाचीनं दोन्ही रात्रींचे फोटो लावून बघितले. शनिवारचे पट्टे शुक्रवारच्या जवळजवळ आडव्या दिशेनं जात होते. लाटा दुसरीकडून आल्या असणार. कुठून, हे सांगायला त्या रात्रींचे उपग्रहांचे ढगांचे नकाशे काढून बघायला हवेत, आणि ते काम तिनं कॉलेजच्या प्रकल्पासाठी घेतलं आहे. जाऊ इच्छिणाऱ्यांनी अमावस्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या तीन-चार रात्री धराव्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून सोलापूरच्या हवेत धूळ वाढते आणि क्षितिजाकडचा पट्टा त्यात बुडतो.

काल मामांचा पुन्हा फोन आला. शेजारच्या गड्यानंही डबा कापलाय, आणि त्याची पोरं आता पुढच्या अमावस्येला कॅमेरा कधी येणार ते विचारतायत. त्या आठवड्यात विजेची पाळी दिवसाची आहे. गाडीची तिकिटं मी काढली.